वाचक विचारतात : बाकाच्या पाठीवरचं नाव

'कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ' असं लिहिलेले सिमेंटचे बाक एसटी स्टँडवर, नदीच्या घाटावर, देवळासमोर, बागेत सगळीकडे दिसतात. अशा बाकावर लघुपट करू पाहणाऱ्या सातारा-सांगलीकडच्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकात मिसळले आहेत.

आम्ही कॉलेजातले पाच जण आठ-दहा मिनिटांचा लघुपट करतोय. एक म्हातारे गृहस्थ बाकावर येऊन बसतात, पाटीवरचं बायकोचं नाव वाचतात आणि मग फ्लॅशबॅकमध्ये त्यांचं सगळं आयुष्य दिसतं, अशी गोष्ट आहे. कशी वाटते? (सातारा)

फ्लॅशबॅक काढून टाका. आठ मिनिटांत लग्न, संसार, आजारपण आणि मरण बसवायला गेलात तर प्रत्येक प्रसंगाला जेमतेम मिनिट मिळेल. त्यासाठी तरुण जोडपं, जुने कपडे, दुसरं घर हे सगळं जमवावं लागेल ते वेगळंच. पैसे आणि दिवस तिथेच संपतील आणि बाक राहील बाजूला.

त्याऐवजी बाकाकडे नीट बघा. आपल्याकडे नाव बहुतेक वेळा बाकाच्या पाठीवर, बरोबर मधोमध लिहितात. म्हणजे मधे कोणी बसलं की नाव त्याच्या पाठीमागे झाकलं जातं आणि उठलं की पुन्हा दिसतं. दोन अनोळखी माणसं दोन टोकांना बसली तर नाव त्यांच्या मधे तिसऱ्या माणसासारखं बसतं. ही रचना तुम्हाला फुकट मिळाली आहे. फिल्मचा सगळा खेळ तिच्यावर उभा करा : नाव केव्हा झाकायचं, केव्हा उघडायचं, कोण त्याला टेकतं आणि कोण टेकत नाही.

समजा, ते गृहस्थ रोज येतात आणि कायम डाव्या टोकाला बसतात. मधली जागा रिकामी ठेवतात. एक दिवस गर्दी असते, एखादी बाई 'सरका की थोडं' म्हणते, आणि त्यांना मधे सरकावं लागतं. एवढी एक हालचाल आठ मिनिटांचा कळस होऊ शकते, पण त्याआधी दोन वेळा ते टोकाला बसलेले प्रेक्षकाने पाहिलेले हवेत. एकदा पाहिलेली गोष्ट प्रेक्षक सवय म्हणून धरत नाही. तिसऱ्यांदा ती मोडली की लगेच कळतं.

पाटी पूर्ण वाचता येईल असा शॉट एकच ठेवा आणि तो फिल्मच्या दुसऱ्या अर्ध्यात टाका. तोवर नावाचे तुकडे दिसू द्या : खांद्यावरून डोकावणारी 'स्मरणार्थ' मधल्या 'र्थ' ची शेवटची उभी रेघ, पिशवीमागून दिसणारं 'कै.'. वाचायला प्रेक्षकाला किती वेळ लागेल ते अंदाजाने ठरवू नका. पाटी मोठ्याने दोनदा वाचा, जितके सेकंद लागतील तितका शॉट ठेवा. बनवणाऱ्याला मजकूर पाठ असतो म्हणून तो शॉट नेहमी आखूड कापतो.

आणि पाटीवरची खालची ओळ विसरू नका. पुष्कळ बाकांवर दात्याचं नाव मृताच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात असतं. त्यावरच एक वेगळी, जरा तिखट फिल्म होईल.

लांबीचा अंदाज : आठ मिनिटं म्हणजे ४८० सेकंद. या विषयाला संथ गती शोभते, एक शॉट सरासरी आठ ते दहा सेकंद धरला तर ४८ ते ६० शॉट होतात. पाच जणांच्या नवख्या गटाला एका जागी दिवसाला पंचविसेक शॉट नीट जमतात, म्हणजे दोन पूर्ण दिवस आणि एक अर्धा दिवस राखीव.

खऱ्या बाकावरचं खरं नाव वापरलं तर चालेल का? नाही तर खोटी पाटी कशी करायची? (वाई)

खरं नाव वापरू नका. त्या घरातली माणसं गावातच असतात, आणि तुम्ही रचलेली गोष्ट त्यांच्या माणसाला चिकटते. घरच्यांनी लेखी होकार दिला तर गोष्ट वेगळी.

खोटी पाटी घरी होते. ६ मिलिमीटर जाडीचं प्लायवूड घ्या, साधारण १८ इंच लांब आणि ६ इंच उंच. प्रत्यक्ष बाकाची पाठ मोजून माप बदला. थर्माकोल घेऊ नका : ऑइल पेंटमधलं टर्पेंटाइन किंवा थिनर लागलं की तो विरघळून खड्डे पडतात. सनबोर्ड (फोमचा हलका, कडक तक्ता) चालतो, पण वाकतो आणि त्यावरची पुट्टी तडकते. प्लायवर एक हात प्रायमर, वाळल्यावर वॉल पुट्टीचे दोन पातळ हात. दुसऱ्या हाताच्या वेळी चाळलेली बारीक वाळू चिमूट-चिमूट मिसळा म्हणजे सिमेंटचा खरखरीतपणा येईल. जाड एकच हात दिलात तर वाळताना भेगा पडतील. वाळल्यावर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा आणि बाकाच्या रंगाशी जुळणारा मॅट रंग द्या. चकचकीत रंग कॅमेऱ्यात लगेच नवा दिसतो.

अक्षरं कॉम्प्युटरवर काढून स्टिकर लावू नका, पेंटरकडून ब्रशने लिहून घ्या. स्टिकरची कड सगळीकडे सारखी धारदार असते. ब्रशच्या अक्षरात सुरुवात जाड, शेवट निमुळता, आणि शेवटच्या शब्दाला जागा कमी पडल्यामुळे दाटी होते. ती दाटी ठेवा, तीच खरी वाटते.

मग पाटी जुनी करायची. पाठ जिथे टेकते तो पट्टा, म्हणजे पाटीचा मधला भाग, घासून पुसट करा. कोपरे तसेच राहू द्या. वरच्या कडेवरून खाली पातळ तपकिरी रंगाचे ओघळ सोडा, पावसाचे डाग असेच पडतात. नवखे लोक उलटं करतात, कोपरे झिजवतात आणि मधलं नाव स्वच्छ ठेवतात. दिसायला ते जुनं दिसतं, पण बाकासारखं दिसत नाही.

बाकावर बसवताना दुहेरी फोम टेपवर विसंबू नका, सिमेंटच्या धुळीवर ती दहा मिनिटांत सुटते. प्लायच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडून मासेमारीचा नायलॉन दोरा ओवा आणि बाकाच्या मागे गाठ मारा. दोरा उन्हात चमकला तर त्यावर मॅट रंगाचं बोट फिरवा. ज्या बाकावर आधीच नाव आहे त्यावर पाटी लावणार असाल तर देणाऱ्यांना किंवा देवस्थानाला आधी सांगा.

मजकुरात मात्र चूक करू नका. कैलासवासीचं 'कै.' आणि स्वर्गवासीचं 'स्व.' सगळ्यांना माहीत आहे. पण वारकरी घरात 'वै.' म्हणजे वैकुंठवासी लिहितात, लिंगायत घरात 'लिं.' म्हणजे लिंगैक्य, मुसलमान घरात 'मर्हूम'. सांगली-मिरज भागात ही सगळी एकाच रस्त्यावर सापडतील. आडनाव एक आणि उपाधी भलतीच असली तर स्थानिक प्रेक्षक तिथेच अडकतो. तिथी आणि तारीख दोन्ही लिहिणार असाल तर त्या वर्षीचं पंचांग उघडून जुळवा.

पाटीवरची अक्षरं डोळ्यांना दिसतात, पण मोबाइलवर दिसतच नाहीत. काळ्या ग्रॅनाइटवर तर आमचाच चेहरा दिसतो. (सांगली)

हे तीन वेगळे त्रास आहेत.

कोरलेली अक्षरं समोरून आलेल्या प्रकाशात सपाट दिसतात. खोबणीत सावली पडली तरच अक्षर उठतं, म्हणून प्रकाश पाटीला घसटून यायला हवा. पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या पाठीवर सकाळी आणि संध्याकाळी ऊन समोरून येतं, तेव्हा अक्षरं सगळ्यात वाईट दिसतात. दुपारी बारा-साडेबाराच्या सुमाराला तेच ऊन वरून घासत उतरतं. आपल्या अक्षांशावर मे महिन्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा भर दुपारी जुनी पुसट अक्षरंसुद्धा वाचता येतात. मात्र त्या वेळी माणसांच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. पाटीचा क्लोजअप दुपारी आणि माणसांचे शॉट सकाळी साडेआठपूर्वी, अशी वाटणी करा. उत्तरेकडे तोंड असलेल्या बाकावर हिवाळ्यात थेट ऊन पडतच नाही. तिथे तिन्हीसांजेला साधी एलईडी टॉर्च पाटीच्या एका टोकाला, बाकाच्या पाठीला जवळजवळ चिकटवून धरा. टॉर्च अक्षरांसमोर आणलीत की सगळं पुन्हा सपाट.

ग्रॅनाइटची चकाकी पोलरायझर फिल्टरने जाते. मोबाइलवर चिमट्याने बसणारे मिळतात. फिल्टर फिरवत राहा आणि पाटीकडे अगदी समोरून न बघता तिरकं, पाटीच्या पृष्ठभागाशी तीस-चाळीस अंशांचा कोन करून बघा, समोरून तो फारसा काम करत नाही. स्टीलच्या किंवा पितळी पाटीवर त्याचा उपयोग नाही, उघड्या धातूची चकाकी फिल्टर अडवू शकत नाही. तिथे कॅमेऱ्याच्या मागे काळी चादर धरा म्हणजे पाटीत काळंच दिसेल. काळा शर्ट घालणं हा त्यातला सोपा अर्धा उपाय.

तिसरा त्रास एक्सपोजरचा. काळी पाटी दिसली की फोन सगळं उजळवतो आणि सोनेरी अक्षरं पांढरीफटक होतात. स्क्रीनवर दिसणाऱ्या पाटीवर बोट दाबून धरा, फोकस आणि प्रकाश लॉक करा, मग उजेड खाली ओढा.

शेवाळ काढायला चाकू, तारेचा ब्रश, ॲसिड काहीही नको. पाणी आणि दात घासायचा जुना ब्रश पुरे.

फोनवर सेटिंग काय ठेवायची? रात्री दिव्याखाली पट्टे येतात. (कराड)

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. रस्त्याच्या दिव्याखाली १/५० किंवा १/१०० सोडून भलतंच काही ठेवलं की पट्टे येऊ शकतात. ३० फ्रेमवर हा त्रास जास्त होतो आणि फोन मुळात ३० वरच लावलेला असतो. शटर हाताने ठरवता येईल असं ॲप वापरा. दिवसा १/५० ला चित्र जास्त उजळेल, त्याला एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, लागतो. पार्श्वभूमी धूसर करणारा पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, बाकाची कड आणि केस तो हमखास चुकीचे कापतो.

फोर-के चित्रीकरण फोननुसार मिनिटाला साधारण दीडशे ते चारशे एमबी जागा खातं. तासाभराच्या फुटेजला ९ ते २४ जीबी धरून निघा. एप्रिल-मेमध्ये फोन तापून मधेच बंद पडतो : कव्हर काढा, एअरप्लेन मोड लावा, दोन शॉटच्या मधे सावलीत ठेवा. तापलेला फोन बर्फाच्या पिशवीवर ठेवू नका, लेन्सच्या आत दव धरतं.

आवाजाचं काय करावं? आयर्विन पुलाखाली घाटावर शूट केलं, संवाद ऐकूच येत नाहीत. (सांगली)

कृष्णेवरचा हा पूल १९२९ पासून तिथे आहे आणि त्यावरची गाडी तुमच्यासाठी थांबणार नाही, तेव्हा आधी संवाद कमी करा. बाकावर बसलेल्या दोन अनोळखी माणसांना फार बोलायचं नसतंच. 'गाडी गेली का?' 'पाच मिनिटं झाली.' एवढ्यात पुष्कळ होतं.

जे संवाद उरतील त्यांना कॉलर माइक लावा, हनुवटीपासून एक वीत खाली, शर्टाच्या आतल्या बाजूने. कडक इस्त्रीचा किंवा खळ दिलेला कपडा फार खरखरतो. असा कपडा रात्री एकदा धुऊन, खळ काढून आणायला सांगा, आणि माइकच्या खाली-वर कापडी चिकटपट्टीचा त्रिकोण करून तो कपड्यावर घासणार नाही असं बघा. नदीकाठी आणि यवतेश्वरच्या घाटासारख्या उंच जागी स्पंजची टोपी वाऱ्याला पुरत नाही, केसाळ कव्हर हवं. वाऱ्याचा फडफडाट एकदा रेकॉर्ड झाला की एडिटिंगमध्ये स्वच्छ निघत नाही. प्रत्येक शॉटला रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा, आवाज आणि चित्र जुळवायला सोपं जातं.

जागा सोडण्यापूर्वी सगळ्यांना गप्प बसवून त्या जागेचा नुसता आवाज पूर्ण एक मिनिट घ्या. सकाळचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. हा नसेल तर दोन वाक्यांमधल्या कापाकापीत आवाज मधेच 'पडतो' आणि प्रेक्षकाला कळत नाही काय खुपतंय, पण खुपतं. मार्चनंतर कोकीळ सुरू होतो : एका शॉटमध्ये आहे आणि पुढच्यात नाही, असं झालं तर संवादच चुकीचा वाटतो. ऊस गाळपाच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांवरच्या गाण्यांचं काही करता येत नाही. हमरस्त्यालगतचा बाक त्या दिवसांत घेऊच नका.

सिमेंटचा बाक स्वतः काहीच वाजत नाही, ही त्याची गंमत. बसल्याचं ऐकू येतं ते धोतराच्या कापडातून, पिशवीच्या बंदातून, काठी टेकण्यातून, चपला काढण्यातून. हे आवाज नंतर शांत खोलीत, माइक वीतभर अंतरावर ठेवून वेगळे घ्या. लोखंडी बाक मात्र करकरतो, त्याची करकर जागेवरच घ्या, घरी ती जमत नाही.

परवानगी कुणाची? (मिरज)

जागा ज्याची त्याची. साताऱ्यात नगरपरिषदेच्या बागेसाठी मुख्याधिकाऱ्यांना अर्ज, सांगली-मिरज-कुपवाडमध्ये महापालिका आयुक्तांना. स्टँड एसटी महामंडळाचं, देवळासमोरची जागा देवस्थानची, कासकडची वनखात्याची. संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व विभाग. अर्जात तारीख, वेळ, माणसं किती, सामान काय, आणि बाकाला खिळा-रंग लावणार नाही, हे स्पष्ट लिहा. पोच घेतलेली प्रत खिशात ठेवा. ओळखू येतील अशा माणसांची लेखी संमती, मुलं असतील तर पालकांची.

पुरात बुडालेला बाक दाखवायचा आहे. वाट बघावी का? (सांगली)

पाण्यात उतरायचं नाही, हे आधी. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. सांगलीत ऊन असलं तरी कोयना धरणातून विसर्ग वाढला की पाणी चढतं, त्यामुळे 'इथे तर पाऊस नाही' हा भरवसा धरू नका. उंच, सुरक्षित जागेवरून लांबचा शॉट मिळाला तर घ्या, नाही तर सोडा.

पूर ओसरल्यानंतरचा बाक जास्त बोलतो. नावाच्या अर्ध्यावर गाळाची आडवी रेघ, खालच्या अर्ध्या अक्षरांत चिखल, वरची अर्धी कोरडी. त्यासाठी उन्हाळ्यातच त्याच चौकटीतला शॉट घेऊन ठेवा. वहीत चार गोष्टी लिहा : बाकाच्या पुढच्या पायापासून ट्रायपॉडच्या मध्यापर्यंतचं अंतर, जमिनीपासून लेन्सची उंची, कोणती लेन्स वापरली, आणि फ्रेमच्या डाव्या कडेला बाकाचा कोणता भाग येतो. जमिनीवर खडूची खूण करून ठेवाल तर ती पुरात जाणारच. चार महिन्यांनी जुना फोटो दुसऱ्या फोनवर शेजारी धरून चौकट जुळवा. नंतर दोन्ही शॉट एकमेकांत विरघळवले तर बाक हलल्यासारखा वाटता कामा नये. अर्धा इंचाचा फरकही दिसतो. तेवढा राहिलाच तर विरघळवू नका, सरळ कापा.

ड्रोन हवा का? (कोरेगाव)

नको. वरून बाक खोडरबरासारखा दिसतो आणि नाव दिसत नाही.

परदेशी महोत्सवाला पाठवायचा आहे. सबटायटलमध्ये 'स्मरणार्थ' कसं सांगायचं? आणि शेवटी तुकोबांचा अभंग लावला तर हक्काचा प्रश्न येतो का? (सातारा)

बाक तिकडच्यांना समजावून सांगावा लागणार नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बाक दत्तक देण्याची योजना १९८६ पासून चालू आहे आणि हजारो बाकांवर पाट्या आहेत. फरक मजकुरात आहे. त्यांच्या पाटीवर पुष्कळदा एखादं प्रेमाचं किंवा गमतीचं वाक्य असतं. आपल्या पाटीवर भावना नसते, नातं असतं : कोणाच्या स्मरणार्थ, आणि खाली 'सुपुत्र', 'सौजन्य', 'समस्त परिवार'. सबटायटलमध्ये ती खालची ओळ गाळू नका. 'कै.' चं शब्दशः भाषांतर होत नाही, ते सोडून द्या. एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नको, आणि ज्या शॉटमध्ये पाटी फ्रेमच्या खालच्या भागात आहे तिथे सबटायटल वर न्या. अक्षरांवर अक्षरं आली तर दोन्ही वाचता येत नाहीत.

अभंगाच्या शब्दांवर कुणाचा हक्क नाही. पण एखाद्या गायकाने गायलेल्या ध्वनिमुद्रणावर आहे : प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. संगीतकाराने दिलेल्या चालीवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. गावातल्या भजनी मंडळाकडून पारंपरिक चालीत गाऊन घ्या, त्यांची सही घ्या, नावं श्रेयनामावलीत द्या. तरीही आमचं मत विचाराल तर शेवटी अभंग लावू नका. पाटीचा शॉट आणि घाटाचा नुसता आवाज असताना प्रेक्षक जे मनात भरतो, ते टाळ-मृदंग सुरू झाला की थांबतं.

फिल्मच्या शेवटी आम्हाला आमच्या आजोबांच्या स्मरणार्थ अशी पाटी टाकायची आहे. (तासगाव)

शेवटच्या शॉटला लागून टाकलीत तर लोक समजतील की बाकावरचं नाव खरं होतं आणि ही आजोबांचीच गोष्ट. श्रेयनामावली पूर्ण संपू द्या, दोन सेकंद काळा पडदा, मग लहान अक्षरात एक ओळ. तिच्यात 'स्मरणार्थ' हा शब्द नको, फिल्मभर तो वापरून झालेला आहे. नुसतं 'आजोबांसाठी' लिहा.